ताम्हिणीत गाडी पडली की गोल करून उभं राहणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

कणसाच्या गाडीवाल्या मावशी, टपरीवाले काका, रविवारचे रायडर लोक आणि फॅमिली घेऊन धबधबा बघायला आलेले कारवाले,

सगळ्यांना नमस्कार.

नावाने तुम्ही मला ओळखत नाही, पण पावसाळ्यात आपली कुठेतरी भेट झालीच असणार. मी एक साधा बाइकवाला. चांदणी चौकातून सकाळी सहाला निघायचं, पिरंगुटला पहिला चहा, पौड, मुळशीचं धरण, मग घाट आणि जमलं तर खाली माणगावपर्यंत, असं गेली पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. कुठल्या ग्रुपमध्ये नाही, जॅकेटवर स्टिकर नाहीत. हे पत्र लिहितोय कारण या घाटात मी दोन अपघात डोळ्यासमोर बघितलेत. पहिल्या वेळी मी पण त्या गोलात होतो, नुसता उभा नव्हतो तर सगळ्यात आधी पुढे होऊन मदत केली होती, आणि मी केलेली ती मदत आठवली की अजून मध्यरात्री जाग येते.

२०१९ चा ऑगस्ट. पाऊस बारीक, रस्त्यावर धुकं, वळणावर कडेची माती वाहून आलेली. आमच्या पुढे पन्नास फुटांवर एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा असेल, त्याचं मागचं चाक सरकलं, गाडी एकीकडे गेली आणि तो कठड्यावर पाठीवर आपटला. आम्ही सात-आठ जण धावलो. कोणीतरी ओरडलं हेल्मेट काढा हेल्मेट काढा, गुदमरेल. मीच गुडघ्यावर बसलो, पट्टा सोडला आणि हेल्मेट सरळ वर ओढलं, ते कानापाशी अडकलं, मग डावीकडे उजवीकडे हलवून हलवून ओढलं, बरणीचं घट्ट बसलेलं झाकण काढतात ना तसं. निघालं. लोक म्हणाले शाब्बास. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली, पोरगा ठसकला, एका काकांनी स्वतःची चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली (फिट आली असेल म्हणून, आता यावर काय बोलणार), आणि तेवढ्यात खालून एक रिकामा पिकअप आला, म्हणून दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि टोमॅटोच्या क्रेटवर टाकला त्याला. मधे पाठ लोंबकळत होती. तो पोरगा शुद्धीत होता हो. एकच वाक्य परत परत म्हणत होता, माझे पाय वर घ्या, माझे पाय खाली राहिलेत. पाय वरच होते, माझ्या हातात होते.

पोरगा वाचला. त्याच्या मामाकडे माझा नंबर होता, दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, आभार मानायला. कमरेखालचं काही हलत नाही म्हणाले. मला काय बोलावं सुचलं नाही. नंतर ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं की हे आमच्यामुळे झालं का. ते म्हणाले, पडताना झालं की उचलताना, हे कोणीच सांगू शकत नाही. मग जरा थांबून म्हणाले, पण मणका मोडलेला असला तरी आतली दोरी कधीकधी शाबूत असते, ती शाबूत ठेवायची असेल तर माणूस हलवायचा नाही, आणि तुम्ही लोकांनी तर त्याला गोणीसारखा उचलला.

म्हणून आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, बाकी पत्र वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. घाई फोनची करा, ट्रॅफिक थांबवायची करा, रक्त दाबायची करा. माणूस उचलायची घाई करू नका.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. घाटात कुठली ॲम्ब्युलन्स, रेंज कुठे असते, तोपर्यंत माणूस जाईल. बरोबर आहे, म्हणूनच मागच्या जुलैत काय झालं ते सांगतो, आणि मावशी, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हाला लगेच कळेल मी कोणत्या दिवसाबद्दल बोलतोय.

रविवार, अकराचा सुमार. बाइकवर दोघं, नवरा-बायको असावेत, समोरून येणाऱ्या कारला चुकवताना पडले. बायको उठून बसली, हात खरचटला होता, नुसती थरथरत होती. नवरा रस्त्याच्या मधोमध, मांडीतून रक्त, हेल्मेट डोक्यावर. आणि नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत चाळीस माणसं. त्यातली निम्मी व्हिडिओ काढत होती आणि उरलेल्यांतले चार जण कारवाल्याची कॉलर धरायला गेले होते. म्हणजे पडलेल्या माणसाजवळ प्रत्यक्षात कोण, तर बायको, मी आणि कणसाची मावशी.

या वेळी मी तयारीने होतो असं म्हणणार नाही, हात कापत होतेच, पण मधल्या काळात एका शनिवारी प्रथमोपचाराचा कोर्स केला होता. तिथे शिकवलेली पहिली गोष्ट फार साधी वाटली होती, गर्दीला काम सांगायचं नाही, माणसाला सांगायचं. "कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हणलं की चाळीसच्या चाळीस जण दुसऱ्याकडे बघतात. "ओ पिवळा रेनकोट, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला येऊन सांगा" म्हणलं की पिवळा रेनकोट खरंच लावतो. करून बघा, जादू आहे. पिवळ्या रेनकोटच्या फोनला रेंज नव्हती. मग एका बुलेटवाल्याला सांगितलं की खाली जा, जिथे रेंज मिळेल तिथे थांब, फोन कर आणि परत येऊन सांग. तो बिचारा गेला पण. एक लक्षात ठेवा, आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ हा इमर्जन्सीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, त्यामुळे तो एकदा तरी लावून बघायचाच. आणि फोनवर "ताम्हिणी घाटात" एवढंच सांगू नका, घाट केवढा मोठा आहे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, पुण्याकडून येताना की माणगावकडून, किती जण जखमी, शुद्धीत आहेत का, रक्त चाललंय का. आणि समोरचा ठेव म्हणाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

ट्रॅफिकचं तर सांगायलाच नको. धुक्यात वळणावर माणूस पडलाय आणि त्याच्याभोवती चाळीस जण, म्हणजे वरून ब्रेक लागेनाशी एखादी गाडी आली की एकाच्या जागी दहा. दोन पोरांना वरच्या आणि खालच्या वळणाच्याही पुढे पाठवलं, मोबाइलचा टॉर्च चालू करून हात हलवत उभे राहा म्हणून. वळणावर नाही हां, वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला थांबायला जागा मिळते. एका कारवाल्याने हॅझर्ड लावून गाडी आडवी घातली. बाइकची चावी बंद केली कारण पेट्रोल गळत होतं, आणि शेजारी उभं राहून सिगरेट ओढणाऱ्या एका महाशयांना मावशींनी ज्या शब्दांत हाकललं ते इथे लिहिता येत नाहीत.

इथे एक वेगळीच तक्रार करून घेतो. आपल्याकडे गाडी बंद पडली किंवा अपघात झाला की रस्त्यावर मोठे दगड आणि झाडाच्या फांद्या लावायची पद्धत आहे. चांगली पद्धत आहे, फांदी लांबूनच दिसते. पण काम झालं की ते दगड कोण उचलणार? गाडी निघून जाते, दगड तिथेच, आणि रात्री येणाऱ्या दुसऱ्या बाइकवाल्याचं पुढचं चाक त्यावर. फांद्या लावा, दगड लावू नका, आणि लावलेच तर जाताना लाथेने का होईना पण बाजूला करा.

हां, तर तो माणूस. मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलो, हेल्मेट दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणलं, दादा मान हलवू नका, मी धरलंय, फक्त बोला माझ्याशी. काच वर केली, हनुवटीखालचा पट्टा सैल केला, बस. श्वास नीट चालू असेल, बोलत असेल, तर हेल्मेट काढायची काही गरज नसते, त्याच्या आत माणूस गुदमरत नाही. काढायची वेळ कधी येते, तर श्वासच नाहीये किंवा तोंडात रक्त-उलटी भरलीय आणि काचेतून पोचता येत नाहीये तेव्हा. आणि तेव्हा पण दोन माणसं लागतात. एक जण खालच्या बाजूने हात घालून जबडा आणि मानेची मागची बाजू घट्ट धरतो, सोडतच नाही, आणि दुसरा हेल्मेटच्या कडा दोन्हीकडे ताणून कान मोकळे करत, नाक सांभाळत हळूहळू काढतो. मी २०१९ ला एकट्याने केलं ते नाही.

मांडीचं रक्त. माझे दोन्ही हात अडकलेले. मावशींनी विचारलं काय करू, मी म्हणलं स्वच्छ कापड आहे का. गाडीवर कणसं झाकायला धुतलेलं पांढरं फडकं होतं, ते त्यांनी घडी करून जखमेवर ठेवलं आणि तळव्याने दाबलं. एक जण हळद घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. फडकं भिजलं तेव्हा मावशी ते काढून बघायला लागल्या, म्हणलं काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि दाबत राहा, उचललं की धरलेलं रक्त परत सुटतं. मग बायकोने ओढणी दिली. घड्याळ बघितलं नाही, पण बराच वेळ मावशी तशाच उकिडव्या बसून सगळं वजन टाकून दाबत होत्या. दुसऱ्या हातात छत्री. स्वतःवर नाही, त्याच्या तोंडावर. मागे गाडीवर कणसं करपल्याचा वास येत होता, कोणीतरी म्हणालं मावशी तुमची कणसं, तर म्हणाल्या जळू दे.

त्याने पाणी मागितलं. फार जीव तुटतो हो कोणी पाणी मागितलं की, आपण पाण्याला नाही म्हणणारी माणसं नाही. पण द्यायचं नाही. शुद्ध गेली तर ते पाणी श्वासनलिकेत जातं, आणि पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं हवं असतं. ओठ ओले करा फार तर. त्यापेक्षा अंगावर काहीतरी कोरडं घाला, रक्त गेलेला माणूस पावसात फार लवकर गार पडतो. आम्ही त्याच्यावर तीन जॅकेटं घातली.

उलटी आली तर? तर एकट्याने डोकं वळवायचं नाही. डोकं, खांदे, कंबर असे तीन-चार जणांनी धरून, डोकेवाल्याने एक दोन तीन म्हणायचं आणि ओंडका वळवतात तसा अख्खा माणूस कुशीवर. आणि श्वास थांबला, किंवा नुसते लांब लांब आचके देतोय, तर ते आचके म्हणजे श्वास नाही, छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून जोरात आणि भरभर दाबायला लागायचं, दोन इंच तरी खाली गेलं पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. हे वाचून येणार नाही हे मला पण कळतं. एक शनिवार द्या, शिकून या.

आता तो मोठा प्रश्न, ॲम्ब्युलन्स आलीच नाही तर. तर न्यावंच लागतं, हट्ट करून बसायचं नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला आपल्या मोटार वाहन कायद्यातच गोल्डन अवर म्हणलंय, त्यात उपचार मिळाले तर वाचायची शक्यता सगळ्यात जास्त. गाडी पेटली किंवा माणूस अशा जागी पडलाय की ट्रॅफिक थांबवणं शक्यच नाही, तरी हलवावंच लागतं. पण फळीवर. टपरीचं फळकूट, मोडकं दार, टेबलाचा वरचा भाग, काहीही सपाट चालेल. पाच-सहा माणसं, एक जण फक्त डोक्याला, सगळे एकदम. आणि ते जे करतात ना, बाइकवर दोघांच्या मधे बेशुद्ध माणूस बसवून ट्रिपल सीट, किंवा रिक्षाच्या मागच्या सीटवर घडी करून कोंबणं, ते देवाशपथ करू नका. आमच्या वेळी १०८ आली, उशिरा पण आली, आत डॉक्टर होता, मानेला पट्टा लावून उचललं.

हे सगळं झाल्यावर व्हिडिओवाल्यांतला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा नाव-बिव देऊ नका हां, पोलीस केस आहे, कोर्टाच्या चकरा माराल. त्याच्यावर चिडलो नाही, कारण २०१९ ला मी पण पिकअपवाल्याला माझं नाव सांगताना दोनदा विचार केला होता. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेवलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ साली देशात सर्व्हे केला होता, त्यात १०० पैकी ७४ जणांनी सांगितलं की आम्ही अपघातग्रस्ताला मदत करायची शक्यता कमी, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच, पोलीस आणि कोर्ट. माणसं दगडाच्या काळजाची नाहीत, घाबरलेली आहेत. आणि या भीतीवरचं औषध कधीच आलंय, फक्त आपल्या घाटापर्यंत पोचलेलं नाही.

याच संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या गाइडलाइन्स देशभर बंधनकारक केल्या. म्हणजे मी ज्या वेळी नाव सांगायला कचरत होतो तेव्हा पण संरक्षण होतंच, मला माहिती नव्हतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्याला कायदा गुड समॅरिटन म्हणतो, आणि चांगल्या मनाने, बदल्यात काही न मागता मदत करताना तुमच्या हातून काही चुकलं आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरी तुमच्यावर दिवाणी नाही की फौजदारी नाही. २०२० मध्ये नियम आले, तुमचं नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखाना पण नाही. जखमीला पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलंत तर जबाब तुमच्या सोयीच्या ठिकाणी. आणि ही हक्कांची पाटी प्रत्येक दवाखान्याच्या दारात इंग्लिश, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावली पाहिजे, सरकारी असो की खासगी. तुमच्या गावातल्या दवाखान्यात आहे का बघून या बरं एकदा. मी तीन ठिकाणी बघितलं, एका ठिकाणी होती, तीही कॅलेंडरच्या मागे.

"आधी पोलीस येऊ दे, मग हात लावू" असं कोणी डॉक्टर म्हणाला तर तेही चालत नाही, १९८९ च्या परमानंद कटारा केसमध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधी जीव, मग कागद. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना पण आहे, तेव्हा पैसे कोण भरणार म्हणून मागे सरकू नका. मदत करणाऱ्याला बक्षीस पण असतं, आधी ५,००० होतं, राह-वीर नावाने आता २५,००० केलंय. बक्षिसासाठी कोणी रक्तात हात घालत नाही, पण मावशींना ते मिळालं असतं तर मला आवडलं असतं, कणसांचं पोतं तरी भरून निघालं असतं.

कारवाल्याचं राहिलंच. त्या दिवशी त्याला दोन थोबाडीत बसल्या. चूक त्याची होती का? मला माहीत नाही, मी बघितलं नाही, आणि मारणाऱ्यांनी तर त्याहून नाही बघितलं. मोठी गाडी म्हणजे तिचीच चूक हा आपला जुना हिशेब. पण याचा परिणाम काय होतो माहितीये का, ड्रायव्हर पळून जातो, कारण थांबला तर मार. आणि तो पळाला की जखमीला न्यायला समोर उभी असलेली एक गाडी कमी झाली. नंबर लिहून घ्या, फोटो काढा गाडीचा आणि रस्त्यावरच्या खुणांचा, तेवढ्यासाठी मोबाइल वापरा. जखमीच्या तोंडाचा व्हिडिओ कशाला? त्या दिवशी त्या माणसाच्या धाकट्या भावाला अपघात कळला तो कोणाच्या तरी स्टेटसवरून, ॲम्ब्युलन्स यायच्या आधी.

आणि जखमीचा फोन वाजला तर उचला हो. २०१९ ला त्या पोराचा फोन गाडीखाली वाजत होता, रिंगटोन अजून डोक्यात आहे, सगळे ऐकत होते, कोणी हात लावला नाही. उचलायचा आणि तीन वाक्यं बोलायची. छोटा अपघात झालाय, त्यांच्याजवळ माणसं आहेत, अमुक दवाखान्यात नेतोय. "सीरियस आहे", "काही खरं नाही" हे आपण बोलायचं नाही, आपण डॉक्टर नाही, आणि पलीकडे कोणीतरी एकटं घरात उभं असतं.

रायडर भाऊ-बहिणींनो, तुम्ही चाळीस हजाराच्या ॲक्शन कॅमेऱ्यातून घाट शूट करता, सीटखाली दोन बँडेज रोल आणि हातमोजे ठेवायला काय लागतं? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले १०० मागे ४४ जण दुचाकीवाले. आपलीच जात आहे ही. ग्रुप राइडच्या आधी हेल्मेटवर रक्तगट लिहिता तसं एकदा पार्किंगमध्ये बसून एकमेकांचं हेल्मेट दोघांनी मिळून काढायची प्रॅक्टिस करा, हसत हसत होते, मजा येते.

टपरीवाल्यांनो, तुम्ही रोज तिथे असता, आम्ही फक्त रविवारी. कुठल्या वळणावर गाड्या पडतात, कुठल्या दगडापाशी रेंजच्या दोन कांड्या येतात, हे तुमच्याइतकं गुगलला पण माहिती नाही. ते एका पुठ्ठ्यावर लिहून टांगा.

मावशी, तो माणूस बरा आहे. मांडीत रॉड टाकलाय, काठी घेऊन चालतो. त्याच्या बायकोने तुमच्यासाठी नवं फडकं दिलंय, जुनं धुऊन डाग गेले नाहीत म्हणाली. पुढच्या रविवारी घेऊन येतो, बरोबर लाल पेंट पण आणतो, तुमच्या गाडीच्या फळीवर किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि १०८ मोठ्या अक्षरात लिहून टाकू. ती खालची रुंद फळी रिकामी ठेवा, तिथेच लिहू, म्हणजे खिळे काढून ती पटकन निघेल पण. आणि दोन कणसं बाजूला काढून ठेवा, मागच्या वेळची राहिलीत.

तुमचा,
एक रविवारचा बाइकवाला, कोथरूड